जुलाब वाटले, पण आतडं भरलेलं होतं: कीटोजेनिक आहारावरच्या एका मुलीचं प्रकरण

फिट्ससाठी कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी कर्बोदकं) घेणाऱ्या मुलांमध्ये बद्धकोष्ठता ही सर्वांत जास्त दिसणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे. तरीही दर भेटीत तिचा विषय निघतो तो शेवटी, पालक उठायला लागल्यावर. आधी फिट्स किती झाल्या, मग कीटोन (शरीर स्निग्ध जाळतं तेव्हा रक्तात येणारे पदार्थ) किती, वजन किती, आणि मग "बाकी शी वगैरे ठीक ना?" या क्रमाने काय होऊ शकतं ते या प्रकरणातून दिसतं. मी अशा मुलांवर उपचार करणाऱ्या टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस लिहिले आहेत ते निर्णय समजावेत म्हणून. ते या मुलीच्या वजनाला आणि प्रकृतीला धरून तिच्या डॉक्टरांनी ठरवले होते, दुसऱ्या मुलाला तसेच लावू नयेत.

पार्श्वभूमी

मुलगी साडेचार वर्षांची, वजन १४ किलो. पहिल्या वर्षात इन्फंटाइल स्पाझम्स (तान्ह्या वयातल्या झटक्यांच्या फिट्स) झाले होते, पुढे लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम या औषधांना सहज दाद न देणाऱ्या फिट्सच्या आजाराचं निदान झालं. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम आणि टोपिरामेट ही फिट्सची तिन्ही औषधं चालू असूनही दिवसाला पंचवीसेक ड्रॉप अ‍ॅटॅक यायचे. या फिटमध्ये अंगातलं बळ अचानक जाऊन मान एकदम खाली जायची, म्हणून जागेपणी हेल्मेट काढायची सोय नव्हती. स्नायू सैल असल्यामुळे ती आधाराने बसायची आणि दिवसातून थोडा वेळ स्टँडिंग फ्रेममध्ये उभी राहायची. चालत नव्हती. खाणं तोंडाने, पण कुस्करलेलं. पाणी चमच्याने, आणि घाई केली की ठसका.

तिला क्लासिक कीटोजेनिक आहार सुरू केला. सुरुवात ३:१ ने झाली, तिसऱ्या आठवड्यात ४:१. म्हणजे ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून फक्त १ ग्रॅम, आणि सुमारे ९० टक्के ऊर्जा स्निग्धातून. तिची दिवसाची गरज ९०० कॅलरी धरली होती. त्यात ९० ग्रॅम स्निग्ध, १४ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकांना उरले साडेआठ ग्रॅम. हा साडेआठचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो. स्निग्धांपैकी २० मिली एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या स्निग्धाचं, लवकर कीटोन बनवणारं तेल) होतं. साखर असलेली सगळी सिरप आहार सुरू करण्याआधीच बदलून गोळ्या किंवा पावडर स्वरूपात घेतली होती.

सहाव्या आठवड्यापर्यंत ड्रॉप अ‍ॅटॅक दिवसाला पाच-सहावर आले. रक्तातले कीटोन ४ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान स्थिर होते. मुलगी डोळ्याला डोळा भिडवून हसायला लागली होती. जेवणाची वाटी संपली की आई कडेला चिकटलेलं क्रीम रबरी चमच्याने पुसून शेवटच्या घासात मिसळायची, कारण वाटीत उरलेला प्रत्येक ग्रॅम स्निग्धाचा असतो आणि तो उरला की गुणोत्तर घसरतं. इतक्या काटेकोरपणे पाळलेला आहार फार कमी घरांत पाहायला मिळतो.

पहिल्या भेटीच्या फॉर्मवर मात्र एक ओळ होती: "शी दोन-तीन दिवसांनी, कडक." ती ओळ तिथेच राहिली.

बद्धकोष्ठता होणारच होती, ती का

आहारात इतकं तेल-लोणी असताना पोट आपोआप साफ होईल, असं बहुतेक पालकांना वाटतं. पण लहान आतड्यात जवळजवळ सगळं स्निग्ध शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचून मळाला आकार देणारा भाग तंतूंचा आणि पाण्याचा, आणि या आहारात दोन्ही कमी पडतात. तिच्या मेनूतले तंतू मोजले तर दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम निघाले. मुलांसाठी वापरला जाणारा साधा अंदाज वयाच्या वर्षांत ५ मिळवण्याचा आहे, म्हणजे तिला साडेनऊच्या आसपास हवे होते. साडेआठ ग्रॅम कर्बोदकांत भाजी बसवायची तर ती चमच्यानेच मोजावी लागते, त्यामुळे हे नवल नव्हतं.

पाण्याचं गणित त्याहून वाईट होतं. १४ किलोच्या मुलाला नेहमीच्या सूत्राने दिवसाला सुमारे १२०० मिली द्रव लागतो: पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या ४ किलोला किलोमागे ५०. ती सहाशेच्या वर जात नव्हती. एक कारण ठसक्याचं. दुसरं नंतर बोलण्यातून कळलं. जास्त पाण्याने कीटोन "पातळ होतात" असं आईने कुठेतरी वाचलं होतं. हा समज हवेतून आलेला नाही. १९२० च्या दशकापासून वापरात असलेल्या या आहाराच्या जुन्या पद्धतीत मुलांना सुरुवातीला उपाशी ठेवत आणि पाणीही मोजून देत. आता पाणी तोडण्याची गरज मानली जात नाही. उलट मुतखड्याचा धोका असल्यामुळे भरपूर पाणी हवं, आणि सोबत टोपिरामेट असेल तर अधिकच हवं.

त्यात हालचाल कमी, पोटाचे स्नायू सैल, कॅल्शियम कार्बोनेटची रोजची गोळी. फिट्स असलेल्या, विशेषतः सैल स्नायूंच्या मुलांत बद्धकोष्ठता बऱ्याचदा आहाराआधीच असते. हा आहार तिच्यावर आणखी भार टाकतो.

अडचण कशी वाढत गेली

आठव्या आठवड्यात शी चार-पाच दिवसांनी व्हायला लागली, तीही सुट्या कडक लेंड्यांसारखी, म्हणजे शीचे सात प्रकार सांगणाऱ्या ब्रिस्टल मापनात पहिला, सर्वांत कडक प्रकार. कुंथताना ती लालबुंद व्हायची आणि पाय ताठ करायची. हे ताठ होणं टॉनिक (अंग ताठ करणाऱ्या) फिटचं की कुंथण्याचं, हे घरच्यांना नेहमी सांगता यायचं नाही, त्यामुळे नोंदवहीतल्या काही फिट्स कदाचित फिट्स नव्हत्याच. दहाव्या आठवड्यात ती अर्ध्या वाटीनंतर तोंड फिरवायला लागली. सकाळी एकदा-दोनदा उलटी. दातांमुळे असेल, असं घरात ठरलं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी डायपरमध्ये पातळ, तपकिरी, उग्र वासाची शी दिसली. थोडी थोडी, पण दिवसातून पाच-सहा वेळा. आईला आधी हायसं वाटलं, की इतक्या दिवसांनी पोट मोकळं झालं. शनिवारीही तेच, तेव्हा तिने जवळच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, जुलाब आहेत, ओआरएस सुरू करा आणि ते तेल काही दिवस थांबवा. एमसीटी तेल जास्त झालं तर खरोखरच पोटात कळा येतात आणि जुलाब होतात, शिवाय जुलाब झालेल्या कुठल्याही मुलाला ओआरएस द्यायचंच असतं. फोनवरून, पोटाला हात न लावता, हाच सल्ला बहुतेकांनी दिला असता.

या मुलीत त्याचा परिणाम काय झाला ते आकड्यांत मांडतो. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. तिला दिवसाला ४०० मिली गेलं, म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम ग्लुकोज. दिवसाच्या साडेआठ ग्रॅम कर्बोदकांवर हे वरचे ५.४. त्याच वेळी २० मिली एमसीटी तेल बंद, म्हणजे १९ ग्रॅम स्निग्ध कमी. तिने सगळं जेवण संपवलं असं धरलं तरी ४:१ चं गुणोत्तर अडीचास एकवर आलं, आणि सगळं जेवण ती संपवत नव्हतीच. सोमवारी सकाळी कीटोन १.४ होते. रविवारी ड्रॉप अ‍ॅटॅक पंधराच्या वर गेले होते. एक व्हॅल्प्रोएटचा डोस उलटीत पडला होता. फिट्स वाढण्यात यातल्या कशाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

तपासणीत काय दिसलं

सोमवारी ती आमच्याकडे आली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी आधी पोटाला हात लावला. डाव्या बाजूला खाली टणक गोळा लागत होता. गुदाशय कडक मळाने गच्च भरलेला होता आणि कडेला छोटी चीर होती. म्हणजे जुलाब नव्हतेच. नळीत अडकलेल्या दगडाच्या कडेने पाणी झिरपावं तशी वरची पातळ शी साचलेल्या मळाच्या बाजूने गळत होती. याला ओव्हरफ्लो म्हणतात. जुलाब थांबवणारं औषध सुदैवाने दिलं गेलं नव्हतं. तसं झालं असतं तर मळ आणखी अडकून बसला असता.

पोटाचा एक्स-रे काढायचा का, यावर थोडं बोलणं झालं. हाताला गोळा लागतो आहे आणि गुदाशय भरलेला आहे, तेव्हा एक्स-रेमुळे निर्णय बदलणार नव्हता, म्हणून काढला नाही. पण उलटी आणि पोटदुखी असलेलं मूल कीटोजेनिक आहारावर आणि व्हॅल्प्रोएटवर असेल तर बद्धकोष्ठतेवर समाधान मानून थांबता येत नाही. स्वादुपिंडाची सूज आणि मुतखडा हे दोन्ही मनात ठेवावे लागतात. म्हणून लायपेज (स्वादुपिंडाची सूज दाखवणारी रक्ततपासणी), साखर, पोटॅशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट, थायरॉइड, लघवीची तपासणी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार) १७, थोडं कमी, टोपिरामेट आणि आहार दोन्हींमुळे अपेक्षित असं. बाकी ठीक. हिरवी उलटी नव्हती, पोट फुगून ताणलेलं नव्हतं, जन्मानंतर पहिली शी वेळेत झालेली होती. जिभेला ओल होती आणि लघवीही होत होती. म्हणून ओआरएस लगेच थांबवता आलं. खरी पाण्याची कमतरता असती तर आधी मुलीला सावरलं असतं आणि कीटोनची काळजी नंतर केली असती.

कोणते पर्याय होते

वडिलांनी सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, हा आहारच बंद करू या का? फिट्स परवडल्या, पण तिचं हे कण्हणं बघवत नाही." हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आहार बंद करणं हा पर्याय होता, पण तो एकदम बंद केला तर फिट्स उसळण्याची भीती असते, आणि या मुलीला तीन औषधांनी जे दिलं नव्हतं ते सहा आठवड्यांच्या आहाराने दिलं होतं.

दुसरा पर्याय गुणोत्तर ३:१ वर आणण्याचा. भाज्यांना जागा मिळते, तंतू वाढतात, भूकही सुधारते. टीममधल्या काहींचा कल याकडे होता, आणि पुढे कधीतरी हे करावं लागेल असं मलाही वाटत होतं. पण त्या दिवशी ते करण्याला माझा विरोध होता. गुणोत्तर उतरवलं म्हणून गुदाशयातला दगड विरघळणार नव्हता. शिवाय एकाच आठवड्यात आहार, तेल आणि रेचक सगळंच बदललं, तर पुढे फिट्स कमी झाल्या किंवा वाढल्या तरी कारण कळणार नव्हतं. आधी आतडं मोकळं करायचं, आहार आहे तसा पूर्ववत करायचा, आणि गुणोत्तराचा विचार नंतर, हे ठरलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता.

मग रेचक कोणतं? लॅक्ट्युलोज घरात आधीपासून होतं. ते स्वतः फारसं शोषलं जात नाही, पण त्या सिरपमध्ये गॅलॅक्टोज आणि लॅक्टोजसारख्या साखरा थोड्या असतातच. नेहमीच्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. साडेआठ ग्रॅमच्या हिशेबात पडतो. पॅराफिन तेलाचा विचार ठसक्यामुळे तिथेच सोडला, कारण ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात गंभीर सूज येते. फॉस्फेट एनिमा लहान मुलांत क्षारांचा तोल बिघडवू शकतो आणि बायकार्बोनेट आधीच कमी होतं, म्हणून तोही नको. आजी इसबगोल देण्याचा आग्रह धरून होत्या. इसबगोल वाईट नाही, पण भरलेल्या आतड्यावर ते घालणं म्हणजे गर्दी वाढवणं, आणि सोबत पुरेसं पाणी गेलं नाही तर ते स्वतःच अडकतं. गिळायला त्रास असलेल्या मुलाला तर नकोच.

उरलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५०, ज्याला सगळे पेग म्हणतात. ते शोषलं जात नाही, त्यातून कर्बोदकं मिळत नाहीत आणि मुलांच्या बद्धकोष्ठतेत ते पहिल्या पसंतीचं औषध आहे. फक्त बिनचवीचं, साधं घ्यायचं. चवीच्या पाकिटांत कधी साखर, कधी गोडीसाठी इतर काही असतं, ते प्रत्येक वेळी वाचून पाहावं लागतं.

काय केलं

तिला चार दिवस दाखल करून घेतलं. घरी करता आलं असतं का? धडधाकट मुलाचं घरीच करतात. इथे उलट्या, ठसका, डळमळलेले कीटोन आणि वाढलेल्या फिट्स एकत्र होत्या.

आधी खालून, मग वरून, हा क्रम ठेवला. खाली दगड असताना वरून पेगचं पाणी लोटलं तर कळा आणि उलट्याच वाढतात. पहिल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी ग्लिसरीन सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) दिली, चिरेवर मलम लावलं. त्यातलं ग्लिसरीन कीटोनसाठी चालेल का, असं आईने विचारलं. गुदाशयातून शोषलं जाणारं प्रमाण इतकं कमी असतं की आम्ही ते हिशेबात धरत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेग किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला २१ ग्रॅम, दोन भागांत. ठसक्यामुळे इतकं पाणी तोंडाने जाणं शक्य नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातली. नळीचं नाव काढल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तीन दिवसांसाठीच आहे हे कागदावर तारखेसकट लिहून दिलं, आणि त्या तारखेला ती काढली.

पेगबरोबरचं पाणी आतड्यातच धरून ठेवलं जातं, म्हणून ते दिवसाच्या पाण्यात मोजलं नाही. ही गोष्ट घरी हमखास चुकते. दीड ग्लास पेग गेलं की दीड ग्लास पाणी गेलं, असं धरलं जातं.

जेवणाऐवजी त्या दिवसांत नळीतून कीटोजेनिक द्रव आहार दिला, सुरुवातीला दोन तृतीयांश कॅलरींचा, लहान लहान भागांत. एमसीटी तेल ५ मिलीपासून पुन्हा सुरू करून सगळ्या जेवणांत वाटलं. एका जेवणात एकदम दिलं तर कळा येतात. वाटून दिलं तर तेच तेल शी मऊ ठेवायला मदत करतं. साखर आणि कीटोन ठरल्या वेळी तपासत राहिलो, कारण कमी खाणाऱ्या मुलात कीटोन अति वाढून सुस्ती, जोरजोरात श्वास आणि उलट्या, असंही होऊ शकतं. ते झालं नाही.

दुसऱ्या रात्री भरपूर शी झाली. चौथ्या दिवशी गोळा हाताला लागेनासा झाला आणि शी पातळ, बिनखड्यांची होती. नळी निघाली तेव्हा तिने स्वतःहून चमच्याकडे तोंड नेलं. त्या दुपारी तिने अख्खी वाटी खाल्ली आणि आईने कडेचं क्रीम पुसून शेवटचा घास दिला.

घरी गेल्यावर

पेग किलोमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे ७ ग्रॅम रोज. शी पाण्यासारखी झाली तर २ ग्रॅमने कमी, दोन दिवस झाली नाही तर २ ग्रॅमने जास्त, एवढी मोकळीक आईला दिली. प्रत्येक बदलासाठी फोन करायला लावलं की पालक फोन टाळतात आणि डोसही टाळला जातो.

पाण्यासाठी गिळण्याच्या थेरपिस्टची मदत घेतली, आणि खरा फरक इथेच पडला. पाणी किंचित घट्ट केलं तर तिला ठसका येत नव्हता. पण पाणी घट्ट करायच्या अनेक पावडरी स्टार्चच्या असतात, म्हणजे निव्वळ कर्बोदकं. दिवसभराचं पाणी त्याने घट्ट केलं तर दिवसाची कर्बोदकं पाण्यातच संपली असती. झँथन गमवर आधारलेली पावडर घेतली, ती कमी लागते, आणि तिचा लेबलवरचा आकडा मेनूत धरला. सकाळी खुणा असलेली बाटली भरून ठेवायची आणि रात्री उरलेलं पाहायचं. महिन्याभरात ती हजार-अकराशे मिलीवर पोहोचली.

मेनूत क्रीमचा काही भाग काढून ५० ग्रॅम अ‍ॅव्होकाडो घातलं. त्यातून सुमारे ७ ग्रॅम स्निग्ध आणि ३ ग्रॅमहून जास्त तंतू मिळतात, आणि तंतू वगळता उरणारी कर्बोदकं एका ग्रॅमच्या आत राहतात. या आहारासाठी इतकी सोयीची फळं फार नाहीत. अळशीची ताजी पूड चमचाभर. फळांवर खर्च होणारी कर्बोदकं पालेभाजीकडे वळवली. तंतू सातच्या आसपास आले. साडेनऊ गाठायचा हट्ट धरला नाही. कॅल्शियम कार्बोनेट बदलून सिट्रेट दिलं, आणि बायकार्बोनेट व मुतखडा लक्षात घेऊन डॉक्टरांनी पोटॅशियम सिट्रेट सुरू केलं.

जेवणानंतर आतडं हलतं, म्हणून सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं तिला आधाराच्या खुर्चीच्या संडासावर बसवायचं, पाय पाटावर टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर. लटकत्या पायांनी कुंथता येत नाही, हे मोठ्यांनीही करून पाहावं. नोंदवहीत शीचा रकाना फिट्सच्या रकान्याशेजारी आला: प्रकार, किती, आणि कुंथावं लागलं का.

पुढचे महिने

दाखल केल्यापासून तिसऱ्या दिवशी कीटोन पुन्हा ४ च्या वर होते. दोन आठवड्यांत ड्रॉप अ‍ॅटॅक पाच-सहावर परत आले. शी रोज किंवा एक दिवसाआड, चौथ्या प्रकारची, म्हणजे मऊ आणि गुळगुळीत.

घरी गेल्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात आईने पेग थांबवलं. सगळं छान चाललं होतं, मग औषध कशाला, आणि सवय लागली तर? आठवड्याभरात पुन्हा लेंड्या. या वेळी मात्र रकान्यात दोन दिवस रिकामे दिसताच तिने स्वतः फोन केला आणि पेग पुन्हा सुरू झालं. दाखल करावं लागलं नाही. ताणलेल्या गुदाशयाला पूर्वपदावर यायला महिने लागतात. पेग निदान दोन महिने द्यायचं, तक्रारी पूर्ण थांबून महिना झाल्यावरच हळूहळू कमी करायचं, असा प्रघात आहे. पेगची आतड्याला सवय लागत नाही, हे सोडतानाच्या कागदावर होतं, पण समोर बसून बोललं गेलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात गुणोत्तर ३.५:१ वर आणलं. तेव्हा बाकी काहीच बदलत नव्हतं, त्यामुळे परिणाम स्वच्छ दिसला: फिट्स वाढल्या नाहीत, भूक सुधारली, भाजीला दीड-दोन ग्रॅमची जागा मिळाली. पेग ५ ग्रॅमवर चालू आहे. तापाच्या दिवसांत पाणी कमी जातं आणि शी पुन्हा कडक होते. ते पूर्ण सुटलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आहार सुरू होण्याआधीच "दोन-तीन दिवसांनी, कडक" ही ओळ समोर होती. त्याच वेळी पोट तपासून, गरज असेल तर आतडं मोकळं करून, पेग पहिल्या दिवसापासून सुरू करता आलं असतं. ज्या मुलाला आधीपासून बद्धकोष्ठता आहे त्याला आहारानंतर ती होईल का, याची वाट पाहण्यात काही हशील नाही. आता आमच्या मेनूच्या कागदावर कॅलरी आणि गुणोत्तराखाली पाणी, तंतू आणि रेचक अशा तीन ओळी असतात आणि त्या कोऱ्या सोडता येत नाहीत.

सहाव्या आठवड्याच्या भेटीत सगळे आनंदात होते. फिट्स कमी झाल्याच्या आनंदात पोटाला हात लावायचं राहतं, हे मी इतर मुलांच्या बाबतीतही पाहिलं आहे. जेवण नाकारणं, सकाळची उलटी, कीटोनचे चढउतार आणि कारण नसताना वाढलेल्या फिट्स, यातलं काहीही दिसलं तर आहार बदलण्याआधी शेवटची शी कधी आणि कशी झाली हे विचारावं आणि पोट तपासावं.

गिळण्याच्या थेरपिस्टकडे तिला सुरुवातीलाच पाठवायला हवं होतं. "पाणी वाढवा" हा सल्ला आईला तीनदा दिला गेला होता. ठसका येणाऱ्या मुलाच्या आईला तो सल्ला नुसता देऊन काही होत नाही, ते पाणी कसं पाजायचं हे दाखवावं लागतं.

आजारपणाचं पत्र दिलेलं होतं, पण त्यात ताप आणि उलट्यांवरच भर होता. आता त्यात एक परिच्छेद वाढवला आहे, जो पालक फोनवर कुठल्याही डॉक्टरांना वाचून दाखवू शकतात. मूल कीटोजेनिक आहारावर आहे. आधी बरेच दिवस कडक शी आणि मग थोडी थोडी पातळ शी असेल तर पोट तपासल्याशिवाय जुलाब समजू नये. सिरप, ग्लुकोजचं सलाइन आणि ओआरएस यांतली साखर कीटोन पाडते, म्हणून शक्य असेल तर आधी टीमला विचारावं. मूल सुस्त असेल, लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा साखर उतरली असेल तर कोणाच्याही फोनची वाट न पाहता पाणी आणि गरजेप्रमाणे ग्लुकोज द्यावं, कीटोन नंतर परत आणता येतात. पत्राची एक प्रत तिच्या हेल्मेटच्या पिशवीत असते, एक आजींकडे आणि एक त्या जवळच्या डॉक्टरांकडे.